घासण्यासाठीच घडवलेली रिंग

१९७० च्या जूनमध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत, रात्रीच्या वेळी, जो सिफर्टची फिकट निळी-केशरी पोर्शे ९१७ सर्वांच्या पुढे होती. पिट्ससमोरून जाताना हळू गाड्यांना मागे टाकण्याच्या गडबडीत त्याच्याकडून एक गिअर चुकला. चाकांपासून सुटलेले बारा सिलिंडरांचे इंजिन झेपेल त्यापलीकडे फिरले आणि त्याची शर्यत तिथेच संपली. एका न पडलेल्या गिअरपायी अशी गाडी बाद व्हावी, याचे नवल वाटणे साहजिक आहे. मला त्याहून मोठे नवल वाटते ते बाकीच्या गिअरांचे. अशा शर्यतीत गिअर हजारो वेळा बदलला जातो आणि एखादा अपवाद सोडला तर दर वेळी बिनबोभाट पडतो. ९१७ च्या गिअरबॉक्समध्ये हे काम ज्या रिंगा करत होत्या, त्याच जातीच्या रिंगा साध्या रस्त्यावरच्या ९११ मध्येही होत्या. आज साठ वर्षांची ९११ शर्यतीसाठी पुन्हा उभी करताना तिच्या गिअरबॉक्समध्ये कोणत्या सिंक्रो रिंगा घालायच्या, हा प्रश्न वरवर पाहता सुट्या भागांच्या खरेदीचा वाटतो. खोलात गेले की तो घर्षणाच्या शास्त्रातला एक अतिशय सुंदर प्रश्न निघतो.

आधी गिअरबॉक्सच्या आत डोकावू. ‘गिअर टाकला’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ते दोन दातेरी चाके एकमेकांत घुसण्याचे चित्र. या गिअरबॉक्समध्ये तसे होत नाही. पुढे जाण्याच्या गिअरांच्या सगळ्या जोड्या कायमच एकमेकींत अडकलेल्या असतात. प्रत्येक जोडीतले एक चाक शाफ्टवर पक्के असते, दुसरे शाफ्टवर मोकळे फिरत असते. गिअर टाकायचा म्हणजे त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी जखडायचे. हे काम करते स्लीव्ह. ती शाफ्टबरोबर फिरते, शाफ्टवर मागेपुढे सरकते, आणि तिच्या आतल्या बाजूला दाते असतात. मोकळ्या चाकाच्या कडेला आखूड दात्यांची एक माळ असते, तिला डॉगचे दाते म्हणतात. स्लीव्ह सरकून त्या दात्यांवर बसली की गिअर पडला.

अडचण अशी की स्लीव्ह गाडीच्या चाकांच्या हिशेबाने फिरत असते आणि मोकळे गिअरचे चाक क्लचप्लेटच्या हिशेबाने. दोघांचे वेग जुळलेले नसताना दाते एकमेकांवर आदळले तर गिअर ‘खातो’, म्हणजे तो कर्णकर्कश करकराट ऐकू येतो आणि दर वेळी पोलादाचे बारीक कण तेलात पडतात. चालत्या लोकलमध्ये चढणारा माणूस आधी फलाटावर तिच्या वेगाने धावतो, दांडा धरतो आणि मगच पाय उचलतो. गिअरच्या चाकाला स्लीव्हच्या वेगावर आणून मगच दाते आत जाऊ देणे, हे सिंक्रो रिंगेचे काम आहे.

ही रिंग येण्यापूर्वी ते काम ड्रायव्हरच करत असे. एसटीच्या जुन्या गाड्यांत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून घाट चढलेल्यांना डबल क्लच आठवत असेल. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरला एक हलका झटका द्यायचा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. कानावर आणि पायावर चालणारे हे गणित होते, आणि चांगला ड्रायव्हर ते बोलता बोलता सोडवत असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीतही पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नये, हे प्रत्येक टॅक्सीवाल्याच्या हाताला माहीत होते.

अमेरिकेत अर्ल थॉम्प्सन नावाच्या अभियंत्याने हे गणित यंत्राकडे सोपवले. कॅडिलॅकने १९२८ साली, १९२९ च्या मॉडेलांसाठी, त्याची सिंक्रोमेश यंत्रणा बाजारात आणली, तीही फक्त वरच्या दोन गिअरांना. हाच थॉम्प्सन पुढे जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कामाचाही प्रमुख होता. ड्रायव्हरच्या हातातले अवघड काम एकदा यंत्राला शिकवल्यावर त्याला तिथेच थांबवेना, असे दिसते.

पोर्शेची वाट वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत तिथल्या लिओपोल्ड श्मिड या अभियंत्याने स्वतःची सिंक्रो पद्धत तयार केली. १९५२ पासून ती पोर्शे ३५६ मध्ये आली. पुढे अल्फा रोमिओ, फेरारी आणि बीएमडब्ल्यूच्या गाड्यांतही ती दिसू लागली. म्हणूनच आज साठच्या दशकातली अल्फाची जिउलिया शर्यतीसाठी उभी करणारा आणि त्या काळची ९११ उभी करणारा, दोघेही टेबलावर साधारण एकाच जातीची रिंग समोर ठेवून विचार करत बसलेले असतात.

ती रिंग हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. पहिल्या नजरेत तिच्यात काहीच विशेष नाही. पोलादाची एक अरुंद रिंग, एका जागी कापलेली, त्यामुळे किंचित मिटते आणि उघडते. १९६५ च्या ९११ मधल्या ९०१ क्रमांकाच्या गिअरबॉक्सची रिंग जागेवर बसवून मोजली तर व्यास ७६ मिलिमीटरच्या जरा वर भरतो. बाहेरचा पृष्ठभाग सपाट नाही. मधोमध तो किंचित फुगीर आहे. त्याचा रंग पोलादासारखा चकचकीत नसून मंद करडा असतो आणि बोट फिरवले तर खरखरीत लागतो. तो थर मॉलिब्डेनमचा. त्याच्याकडे पुढे येऊच.

ही रिंग गिअरच्या चाकावर, डॉगच्या दात्यांलगत बसते. तिच्या पोटात चार लहान तुकडे असतात: दोन पातळ वळवलेल्या पट्ट्या, त्यांना टेकू देणारा एक ठोकळा, आणि रिंगेच्या कापलेल्या टोकांच्या मधोमध बसणारा दुसरा ठोकळा. स्लीव्ह सरकत आली की तिचे आतले दाते रिंगेच्या फुगीर पाठीवर घासू लागतात. घर्षणामुळे स्लीव्ह रिंगेला आपल्याबरोबर ओढते. रिंगेचे एक टोक मधल्या ठोकळ्याला ढकलते, ठोकळा पट्टीला ढकलतो, पट्टीचे दुसरे टोक टेकूवर अडते. पुढे जायला जागा नाही म्हणून पट्टी बाहेरच्या बाजूला ताठ होते आणि आतून रिंगेला फुगवते. रिंग फुगली की घर्षण वाढते, घर्षण वाढले की ओढ वाढते, ओढ वाढली की रिंग आणखी फुगते. म्हणजे ड्रायव्हरच्या हाताने लावलेले बळ रिंग स्वतःच वाढवून घेते. ड्रम ब्रेकमध्येही असेच घडते: ड्रमच्या फिरण्याने ब्रेकशू आणखी घट्ट दाबला जातो.

आता यातली खरी करामत. फुगलेली रिंग स्लीव्हच्या वाटेत उभी असते, त्यामुळे स्लीव्ह पुढे जाऊच शकत नाही. तिला अडवणारे बळ घर्षणातून आले आहे, आणि घर्षणाची ओढ आहे ती दोघांच्या वेगांत फरक आहे म्हणून. ज्या क्षणी वेग सारखे होतात त्या क्षणी ओढ संपते, पट्टी सैल पडते, रिंग मिटते आणि स्लीव्ह तिच्यावरून सरकून दात्यांवर जाऊन बसते. ‘आता जा’ असे सांगणारे वेगळे काहीच तिथे नाही. वेगातला फरक हाच अडसर, आणि फरक मिटणे हीच परवानगी. पोलादाच्या पाच तुकड्यांत, एकही विजेची तार नसताना, हा निर्णय सेकंदाच्या पाचव्या हिश्शात घेतला जातो. हे पहिल्यांदा नीट समजले तेव्हा मी रिंग बराच वेळ हातात फिरवत बसलो होतो.

या रिंगेवर किती भार येतो याचा अंदाज कागदावर सहज बांधता येतो. ९०१ गिअरबॉक्सच्या रस्त्यावरच्या आवृत्तीत पहिल्या गिअरचे प्रमाण ३.०९, दुसऱ्याचे १.८९ आणि तिसऱ्याचे १.३२ होते. इंजिन मिनिटाला ७००० फेरे घेत असताना पहिल्यातून दुसऱ्यात जायचे तर क्लचप्लेट आणि तिला जोडलेला इनपुट शाफ्ट यांना ४३०० फेऱ्यांच्या आसपास खाली यावे लागते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना साधारण ४९०० पर्यंत. क्लचप्लेट, शाफ्ट आणि त्यांच्याबरोबर फिरणारी चाके मिळून ०.०१ किलोग्रॅम-मीटर वर्ग इतके जडत्व धरले, तर दुसऱ्या गिअरच्या रिंगेला एका वेळी सुमारे ४०० जूल ऊर्जा उष्णतेत जिरवावी लागते, तिसऱ्याच्या रिंगेला २५० च्या आत. चारशे जूल ऐकायला फार वाटत नाहीत. पण ते सेकंदाच्या पाचव्या हिश्शात जिरवायचे म्हणजे तेवढ्या क्षणापुरते दोन किलोवॉट, जवळजवळ पावणेतीन अश्वशक्ती, त्या अरुंद रिंगेच्या पाठीवर.

हे आता लांब शर्यतीत मांडून पाहू. बेल्जियममध्ये स्पा-फ्राँकोशाँच्या सात किलोमीटरच्या सर्किटवर जुन्या गाड्यांची सहा तासांची शर्यत होते. एका फेरीला तीन मिनिटे आणि फेरीत वीस वेळा गिअर बदलला असे धरले तर १२० फेऱ्यांत २४०० गिअर होतात. सरासरी २५० जूल म्हटले तरी सहा लाख जूल. हे सगळे पचवून शेवटच्या तासातही गिअर पहिल्या तासासारखाच पडला पाहिजे.

वरच्या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि माझ्या मते रिंग निवडण्यापूर्वी ती समजणे सर्वांत महत्त्वाचे आहे. ऊर्जा वेगातल्या फरकाच्या वर्गाने वाढते. फरक दुप्पट तर रिंगेवरचा भार चौपट. जडत्वाच्या बाबतीत ती सरळ प्रमाणात वाढते, आणि क्लचप्लेटचे जडत्व मुख्यतः तिच्या बाहेरच्या कडेच्या वजनावर ठरते. म्हणून जड क्लचप्लेट काढून हलकी घातली की पाचही रिंगांचे आयुष्य एकदम वाढते, गिअरबॉक्स न उघडता. उलट, क्लच पुरता सुटत नसेल तर रिंगेला अख्ख्या इंजिनाशी आणि फ्लायव्हीलशी झुंजावे लागते. त्या काळच्या ९११ मध्ये क्लच केबलवर चालत असे. केबल ताणली गेली की क्लच अर्धवट चिकटून राहतो आणि बिचाऱ्या रिंगा खराब म्हणून फेकल्या जातात. मोलाच्या नव्या रिंगा घालून त्याच केबलवर गाडी शर्यतीला पाठवणे म्हणजे त्या रिंगा जाणूनबुजून मारणे. हे पुन्हा पुन्हा घडते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता धातूकडे. टिकाऊ रिंग म्हटले की पहिला विचार कठीण धातूचा येतो, आणि इथेच मोठी फसगत होते. रिंग टणक, गुळगुळीत पोलादाची केली तर ती झिजणार नाही हे खरे. पण ती पकडणारही नाही. स्लीव्ह तिच्यावरून घसरेल, वेग जुळण्याआधीच दात्यांपर्यंत पोहोचेल, आणि रिंगेऐवजी डॉगचे दाते आणि स्लीव्ह झिजतील. रिंग शाबूत आणि गिअर मेला, असा तो प्रकार. रिंग घासण्यासाठीच घडवलेली असते. तिने हळूहळू, सारखे आणि ठरल्याप्रमाणे घासत जायचे, आणि शेवटच्या दिवसापर्यंत पकड सोडायची नाही. म्हणून टिकाऊपणा मोजायचा तो पकडीचा. नुसती धातू किती काळ उरते यावरून काही ठरत नाही.

मॉलिब्डेनम इथे कामी येते. ही धातू २६२३ अंश सेल्सियसला वितळते, लोखंड १५३८ ला. तिची तार ज्वालेत वितळवून तिचे तुषार रिंगेवर फवारतात. हे थेंब पोलादावर आदळून चपटे होतात आणि एकावर एक बसत जातात. पोलादावर थेट चिकटून राहण्याचा गुण मॉलिब्डेनममध्ये मुळातच आहे, मध्ये दुसऱ्या थराची गरज लागत नाही. थेंबांच्या मधे बारीक छिद्रे राहतात आणि त्यांत तेल साठते. अशा थरावर पोलाद घासले की दोन्ही एकमेकांना चिकटून फाटत नाहीत. घासणाऱ्या जागी क्षणभर प्रचंड उष्णता होते, पण इतक्या उंच वितळणबिंदूच्या धातूला तिचे काही वाटत नाही. पिस्टनच्या रिंगांवरही मॉलिब्डेनम फवारतात ते याच कारणासाठी.

या थराची जाडी मात्र फार नसते. तो संपला आणि खालचे पोलाद उघडे पडले की रिंग मधोमध चकचकीत दिसू लागते. ती चमक पाहून नवखा माणूस खूश होतो, जाणता रिंग बाजूला ठेवतो.

जगातल्या बहुतेक गाड्यांत दुसऱ्या जातीची रिंग असते, बोर्ग-वॉर्नर पद्धतीची. खुद्द पोर्शेनेही १९८७ च्या मॉडेलपासून ९११ ला जी५० गिअरबॉक्स देताना आपली जुनी पद्धत सोडून हीच घेतली. इथे रिंग आतून शंकूच्या आकाराची असते आणि गिअरच्या चाकावरच्या पोलादी शंकूवर जाऊन बसते. शंकूचा कोन साधारण सहा ते सात अंशांचा. एवढ्या निमुळत्या शंकूवर रिंग दाबली की तिच्यावर पडणारा दाब लावलेल्या बळाच्या जवळजवळ नऊपट होतो. कोन आणखी कमी केला तर पकड वाढेल, पण रिंग शंकूवर रुतून बसेल आणि सुटणार नाही. वाढवला तर सुटेल सहज, पण पकडणार नाही. त्या एका अंशाच्या आत सगळा खेळ आहे.

या रिंगा बहुधा पितळेच्या. भांड्यांच्या पितळेच्या नव्हे, तर मँगनीज, ॲल्युमिनियम, सिलिकॉन मिसळलेल्या खास पितळेच्या. आतल्या बाजूला स्क्रूसारखे अगदी बारीक आटे असतात आणि त्यांना आडव्या छेदणाऱ्या काही खाचा. आट्यांची तीक्ष्ण टोके तेलाचा थर कापतात, खाचा ते तेल बाहेर वाहून नेतात. तेलाचा थर तुटल्याशिवाय धातूला धातू भेटत नाही आणि पकड बसत नाही. थंडीतल्या सकाळी पहिले काही किलोमीटर गिअर जड पडतो तो यामुळेच. घट्ट झालेले तेल कापायला आट्यांना वेळ लागतो.

जुन्या रिंगेच्या आत नख फिरवून पाहावे. नवीन आटा नखाला टोचतो. झिजलेल्या आट्याची टोके सपाट होऊन चकाकत असतात आणि नख त्यांच्यावरून घसरते. मग रिंग शंकूवर हाताने दाबून थोडी पिरगळावी आणि तिची कड आणि गिअरचे दाते यांमधली फट फीलर गेजने मोजावी. नव्या रिंगेला ही फट बहुतेक गिअरबॉक्समध्ये एक मिलिमीटरच्या आसपास असते आणि ती अर्ध्यावर आली की रिंग संपली असे समजतात. आता गंमत पाहा. साडेसहा अंशांच्या शंकूवर फट अर्ध्या मिलिमीटरने कमी व्हायला आतला पृष्ठभाग किती झिजावा लागतो? मिलिमीटरचे जेमतेम सहा शतांश. हजारो किलोमीटर, लाखो जूल, आणि रिंगेचे सगळे कामाचे आयुष्य धातूच्या एवढ्याशा थरात मावते.

पितळेखेरीज सिंटर केलेल्या कांस्याचे, मॉलिब्डेनम फवारलेले आणि कार्बन तंतूंचे अस्तर लावलेले प्रकारही मिळतात. कार्बन उष्णता फार चांगली सोसतो. पण अस्तर बदलले की घर्षणाचा गुणांक बदलतो, आणि मूळ शंकूचा कोन, दात्यांच्या टोकांचा उतार हे सगळे जुन्या गुणांकावर बेतलेले असते. म्हणून जुन्या गिअरबॉक्समध्ये नव्या युगाचे अस्तर घालताना नुसता ‘हे जास्त टिकते’ एवढा शब्द पुरेसा नाही. ते त्या शंकूवर, त्या तेलात कसे वागते हे कोणी करून पाहिलेले असले पाहिजे. नाहीतर माझे मत मूळ प्रकारच्या रिंगेच्या बाजूने पडेल.

तेलाचे नाव घेतले की ९११ वाल्यांची आणखी एक पंचाईत समोर येते. तिचे इंजिन मागे, आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल एकाच घरात, एकाच तेलात. डिफरन्शियलच्या क्राउन आणि पिनियनचे दाते जबरदस्त दाबाखाली एकमेकांवर सरकतात. त्यांना निसरडे तेल हवे. रिंगेला न निसरणारे. जीएल-५ दर्जाच्या तेलात दात्यांचे रक्षण करणारी गंधक-फॉस्फरसची द्रव्ये जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. ती दात्यांवर संरक्षक थर धरतात. पितळेच्या रिंगेवरही धरतात, आणि तिथे तो थर पकड कमी करतो. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलसाठी वेगळी घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेले तेल ओतले, तर रिंगांची तक्रार पहिल्याच सरावात ऐकू येते. म्हणून रिंग निवडतानाच तेल निवडायचे. जी रिंग जीएल-४ मध्ये वर्षानुवर्षे चालेल तीच चुकीच्या तेलात एका मोसमात गिअर खायला लागेल, आणि दोष येईल रिंगेच्या माथी.

एवढा त्रास घेण्यापेक्षा सिंक्रो काढून सरळ डॉग गिअरबॉक्स का घालू नये, असे कोणी विचारेल. मोठ्या, थोड्या दात्यांचे डॉग धाडकन एकमेकांत घातले की झाले, रिंगच नको. शर्यतीच्या जगात तो राजमार्ग आहेच. पण ऐतिहासिक शर्यतींना आंतरराष्ट्रीय ऑटोमोबाइल महासंघाचे ‘ॲपेंडिक्स के’ हे नियम लागू होतात आणि गाडीला तिच्या काळाशी प्रामाणिक असल्याचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट लागतो. त्या गाडीने तिच्या काळात जे वापरले तेच आज वापरायचे. आणि पोर्शेने तिच्या काळात सिंक्रोच वापरला. ९१७ मध्ये तर होताच, पुढे १९८२ मध्ये ल माँला पहिले तिन्ही क्रमांक पटकावणाऱ्या ९५६ मध्येही होता. ज्या रिंगांनी चोवीस तास काढले त्यांच्यावर सहा तासांसाठी अविश्वास दाखवायचे कारण मला तरी दिसत नाही.

मग प्रत्यक्ष निवड कशी होते? ९०१ च्या बाबतीत मॉलिब्डेनमचा थर असलेली रिंग हे पहिले गृहीत. बाजारात दिसायला तंतोतंत तशाच पण थराविना, किंवा टोकांपाशी थर विरळ झालेल्या रिंगाही असतात. वरवर पाहून फरक कळेलच असे नाही. म्हणून प्रत्येक रिंग तिच्याच गिअरवर, तिच्याच पट्ट्या-ठोकळ्यांसह बसवून मायक्रोमीटरने व्यास घ्यायचा. ठरलेल्या मापाला दोन्ही बाजूंना मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी सूट असते, आणि तेवढ्यातही रिंगा वेगवेगळ्या निघतात. त्यांतली मोठ्या मापाकडे झुकणारी रिंग दुसऱ्या गिअरला द्यावी, कारण वरच्या हिशेबाप्रमाणे सर्वांत जास्त ऊर्जा तिच्या वाट्याला येते. लहान मापाची पाचव्याला चालते. तिथे वेगातला फरक कमी असतो.

रिंगेइतकीच स्लीव्ह पाहायची. तिच्या आतल्या दात्यांची टोके बोथट होऊन त्यांना बारीक कंगोरे आलेले असतील, तर ते नव्या रिंगेवरचा करडा थर खरवडून काढतील. डॉगच्या दात्यांचेही तसेच. गोल झालेल्या दात्यांवर नवी रिंग कितीही चांगली असली तरी पडलेला गिअर सुटतो. हे दाते गिअरच्या चाकावर प्रेसने घट्ट बसवलेले असतात आणि निराळे बदलता येतात, ही त्या जुन्या रचनेची मोठी कृपा. जो फक्त रिंगा बदलून डबा बंद करतो तो अर्धेच काम करतो.

उरला ड्रायव्हर. शर्यतीतले चालक खालचा गिअर टाकताना टाच आणि पंजा वापरून ब्रेकसोबत ॲक्सिलरेटरही देतात, आणि त्यामुळे रिंगा वाचतात असा सर्रास समज आहे. क्लच दाबलेला असताना दिलेला ॲक्सिलरेटर फक्त इंजिनाचा वेग वाढवतो. इनपुट शाफ्टला त्याचा पत्ताच लागत नाही. त्याने मागची चाके घसरायची वाचतात, क्लच वाचतो, रिंग नाही. रिंग वाचवायची तर न्यूट्रलमध्ये असताना क्लच क्षणभर सोडून मग ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, म्हणजे एसटीच्या ड्रायव्हरचा तोच डबल क्लच. आपल्या हिशेबात तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना २१०० फेऱ्यांचा फरक होता. डबल क्लचने तो ५०० वर आणला तर रिंगेवरची ऊर्जा २४५ जूलवरून १४ वर येते. वर्गाच्या नियमाने दिलेले हे घसघशीत बक्षीस आहे. कोणत्याही धातूच्या बदलाने इतका फरक पडत नाही.

बांधलेला गिअरबॉक्स गाडीत बसला की लगेच शर्यतीला नेऊ नये. नव्या पृष्ठभागांवरचे उंचवटे बसायला वेळ लागतो. आधी बेताने चालवावी, मग तेल काढावे, आणि काढताना खालचा चुंबकी प्लग नीट पाहावा. त्यावर काळसर, लोण्यासारखा मऊ गाळ असेल तर तो नव्या दात्यांच्या बसण्याचा. तेलात पितळेची सोनेरी झाक असेल तर ती पितळेच्या रिंगेची, किंवा रिंग पितळेची नसेल तर एखाद्या बुशची. ती चुंबकाला चिकटत नाही आणि थोडी असेल तर काळजीचे कारण नाही. पण चुंबकावर टोकदार, चकाकते, बोटांत टोचणारे कण उभे राहिलेले दिसले, तर ते डॉगच्या किंवा स्लीव्हच्या दात्यांचे असतात. मग नवे तेल ओतू नये. आधी क्लचची केबल तपासावी, आणि ती ठीक निघाली तर डबा पुन्हा उघडून दुसऱ्या गिअरपासून सुरुवात करावी.